ग्राफिक डिझाईन घरबसल्या शिकता येतं का? येतं, पण क्रम चुकवू नका

"कॉलेज न करता ग्राफिक डिझाईन जमेल का?" असं कोणी विचारलं की मी आधी हो म्हणतो आणि लगेच उलट विचारतो, तुमचं काम बघून तोंडावर खरं सांगणारं कोणी आहे का? बहुतेक जण इथे गप्प होतात. सगळ्यांना वाटतं अडचण माहितीची आहे, सॉफ्टवेअरची आहे, फीची आहे. माहिती तर आता ढिगाने पडलीये, तीही फुकट. डिझाईनच्या कॉलेजात खरी कमाई वेगळीच असते, तिथे दर आठवड्याला काहीतरी करून भिंतीवर लावावं लागतं, वर्गातली सगळी पोरं ते बघतात, शिक्षक विचारतात की हे इथेच का ठेवलंस, आणि तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. घरी शिकणाऱ्याकडे ती भिंत नसते. ती उभी करता आली की बाकीचं सगळं जमतं. मी स्वतः याच वाटेने आलोय, पहिली दोन वर्षं चुकीच्या क्रमाने शिकण्यात गेली, तुमची तेवढी वाचावीत म्हणून जमेल तसं सविस्तर लिहितोय.

आधी एक शंका मिटवूया, की असे लोक खरंच असतात का. असतात. डेव्हिड कार्सन हा अमेरिकन डिझायनर घ्या. शिक्षण समाजशास्त्राचं, शाळेत शिकवायचा, सर्फिंगमध्ये व्यावसायिक पातळीवर उतरायचा, आणि १९८० मध्ये ऍरिझोना विद्यापीठात दोन आठवड्यांची एक वर्कशॉप केली तिथून डिझाईनकडे वळला. पुढे १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'रे गन' या संगीत मासिकाने त्याचं नाव जगभर झालं. यात मला ती दोन आठवड्यांची वर्कशॉप महत्त्वाची वाटते. डिझाईनची पदवी नव्हती, पण कुणीतरी जाणकार माणसाने काम बघितलं, रस्ता दाखवला, आणि मग त्याने वर्षानुवर्षं छापील मासिकांची पानं लावत हात बसवला. त्याच मासिकात त्याने एक अख्खी मुलाखत चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली होती, एक अक्षर वाचता येत नाही असं पान. नवीन शिकणारे नेमकं तेच बघून म्हणतात की बघा, नियम नसतातच. तो तोपर्यंत शेकडो पानं लावून बसला होता हे विसरू नका.

पहिली पायरी: नक्की काय करायचंय ते धरा

ग्राफिक डिझाईन हा एक धंदा नाहीये, चार-पाच धंदे आहेत. पुस्तकं-मासिकं-पत्रकं, पॅकेजिंग, लोगो आणि ब्रँडची ओळख, सोशल मीडियाच्या पोस्ट, ऍप आणि वेबसाईटचे स्क्रीन. पाया एकच पण रोजचं काम वेगळं. सुरुवातीला एक धरा, सहा महिन्यांनी बदललं तरी काही बिघडत नाही. सगळं एकदम शिकायला गेलात की कशातच हात बसत नाही, एवढंच.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर एकच, तेही लगेच ठरवा

इथे लोक उगाच महिना घालवतात. व्हेक्टर म्हणजे गणिताने काढलेल्या रेषा, कितीही मोठ्या करा, कड फाटत नाही. रास्टर म्हणजे ठिपक्यांनी बनलेलं चित्र, ताणलं की फाटतं. लोगो आणि चिन्हं व्हेक्टरमध्ये, फोटो रास्टरमध्ये, आणि खूप पानांचं काम असेल तर पानं लावायचं वेगळं सॉफ्टवेअर. पैसे टाकायची तयारी असेल तर याच क्रमाने इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि इनडिझाईन आहेतच. नसेल तर व्हेक्टरला इंकस्केप, फोटोला गिम्प, चित्र रंगवायला क्रिता, पानं लावायला स्क्रायबस, ही सगळी फुकट आणि मुक्त आहेत, आणि शिकायला पुरून उरतात. स्क्रीनचं काम करायचं असेल तर फिग्मा. तयार टेम्प्लेट देणारी ऍप वाईट अजिबात नाहीत, मी पण घाईत वापरतो, पण शिकताना बाजूला ठेवा, कारण त्यात सगळे निर्णय आधीच कुणीतरी घेतलेले असतात आणि तुम्हाला निर्णय घ्यायलाच तर शिकायचंय.

पहिल्या आठवड्यात एवढंच यायला हवं: आकार काढणं, पेन टूलने वळण काढणं, मजकूर टाकणं, लेयर लावणं, अलाइन करणं, पीडीएफ काढणं. बाकीची बटणं गरज पडेल तशी शिका. दीडशे व्हिडिओंचा कोर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत बसलात तर हातात फक्त बघितल्याचं समाधान राहतं.

तिसरी पायरी: मोजून नक्कल करा

माझं मत विचाराल तर सगळ्या पायऱ्यांत ही सगळ्यात मोठी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात, कारण नक्कल म्हटलं की कमीपणा वाटतो. गायक आधी गुरूची तान जशीच्या तशी घोटतो ना, तसंच आहे हे.

कसं करायचं ते सांगतो. एक चांगलं छापील पोस्टर किंवा मासिकाचं एक पान घ्या. पट्टी घ्या, पेन्सिल घ्या. आधी समास मोजा, चारही बाजूंचे. मग शीर्षकाची उंची मोजा, मजकुराच्या अक्षराची मोजा, अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये सांगतात आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग एवढं लक्षात ठेवलं की अंदाज येतो. मी पहिल्यांदा हे केलं ते एका नाटकाच्या पोस्टरवर. मला वाटलं होतं त्यात सात-आठ आकाराची अक्षरं असतील, निघाले तीन. शीर्षक मजकुराच्या जवळजवळ सहापट होतं, त्यातल्या त्यात तारीख तेवढी दुप्पट, आणि बाकी झाडून सगळं एकाच आकारात. डाव्या कडेला पट्टी लावली तर शीर्षक, तारीख, ठिकाण, सगळं एकाच उभ्या रेषेवर येत होतं, आणि ती रेषा मध्यावर नव्हती, डावीकडून साधारण एक तृतीयांशावर होती. म्हणजे जे मला 'मस्त दिसतंय' एवढंच वाटत होतं त्याच्या मागे मोजता येईल असा निर्णय होता. त्या दिवशी माझी नजर बदलली.

मोजून झालं की तेच पान सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब उभं करा. मूळ आणि तुमचं शेजारी शेजारी ठेवा. कुठे फरक दिसतो? बहुतेक वेळा ओळींमधल्या अंतरात आणि मोकळ्या जागेत. अशी वीस पानं करा, वीस म्हणजे खरोखर वीस. ही सरावाची पानं स्वतःची म्हणून कुठेही दाखवायची नाहीत, पोर्टफोलिओत, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यांत, तर नाहीच, ती तुमच्या वहीत राहतात.

यालाच जोडून एक सराव. १९८४ मध्ये आलेल्या पहिल्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरची चिन्हं सुझन केअर यांनी काढली. त्यांची ललित कलेत पीएचडी होती पण कॉम्प्युटरसाठी चिन्हं काढायचा अनुभव काहीच नव्हता. त्यांनी चौकटींची आलेख-वही घेतली आणि ३२ बाय ३२ चौकोनांत, एकेक चौकोन भरून चिन्हं काढली. एकूण १०२४ चौकोन, काळा किंवा पांढरा, राखाडी पण नाही. तुम्ही तसंच करा, छत्री काढा, कात्री काढा, 'फाईल सेव्ह झाली' हे काढून बघा. कागदावरच. चार चौकोन इकडचे तिकडे केले तर कात्रीची पक्कड होते, आणि कुठली रेघ कामाची आणि कुठली फक्त भर आहे हे एका संध्याकाळी कळतं.

चौथी पायरी: अक्षरं

ग्राफिक डिझाईन म्हणजे बऱ्याच अंशी अक्षरं लावणं आहे. नवशिक्याचं काम ओळखायला मला चित्र बघावं लागत नाही, मजकूर बघितला की कळतं.

सराव असा. एका प्रदर्शनाचं पोस्टर करायचंय समजा. सहा गोष्टी लिहायच्यात: नाव, एका ओळीची माहिती, तारीख, वेळ, ठिकाण, संपर्क. एकच फॉन्ट, फक्त काळा रंग, चित्र नाही, चौकट नाही, सावली नाही, जास्तीत जास्त तीन आकार. याच सामानात दहा वेगळे लेआउट करा. पहिले तीन पटकन होतात, सगळे मध्यभागी लावलेले. चौथ्याला अडकायला होतं. तिथे थांबू नका, कारण खरं शिकणं चौथ्यापासून सुरू होतं, तुम्ही नाव एका बाजूला ढकलता, अर्धं पान रिकामं सोडायची हिंमत करता, तारीख प्रचंड मोठी करून बघता आणि कळतं की अरे, वाचणाऱ्याला आधी तारीखच हवीये.

जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकत्र वाचतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकातच मांडलंय, त्यामुळे तारीख आणि वेळ चिकटून हवी, ठिकाण त्याच्या जवळ, आणि संपर्क थोडा लांब. वाचायच्या मजकुराची ओळ इंग्रजीत साधारण ४५ ते ७५ अक्षरांची ठेवतात, त्याहून लांब झाली की डोळा पुढची ओळ चुकतो.

आता देवनागरी, कारण तुम्ही मराठीत काम करणार असाल तर बहुतेक इंग्रजी व्हिडिओ इथे तुम्हाला सोडून देतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं. इंग्रजीसाठी ठरलेलं ओळींचं अंतर जसंच्या तसं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. 'वस्तूंची' च्या खाली 'कार्यकर्ते' आलं की बघा काय होतं. अंतर वाढवा, किती ते फॉन्टवर आहे, डोळ्याने ठरवा. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, तिरप्या अक्षरांची परंपरा नाही, म्हणजे महत्त्व दाखवायला आकार, जाडी आणि जागा एवढंच हातात आहे, म्हणून पाच-सहा जाडी असलेला एक चांगला युनिकोड फॉन्ट शोधा (युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखली जातात अशी पद्धत). 'मुक्ता' हा मुक्त परवान्याचा फॉन्ट सुरुवातीला उत्तम. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम केलंत तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी दिसत असेल, जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्टला शिव्या देण्याआधी सेटिंग बघा, काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठी मजकुराचं वेगळं इंजिन निवडावं लागतं.

मला हे सगळं सांगायला कोणी नव्हतं, म्हणून जरा लांबलं.

पाचवी पायरी: रंग, पण उशिरा

काळ्या-पांढऱ्यात जे उभं राहत नाही ते रंगाने सावरत नाही. लेआउट आधी काळ्यात पक्का करा, मग एक रंग, मग फार तर दुसरा. रंग दिल्यावर सगळं परत ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या राखाडी छटांत, करून बघा, लाल पट्टीवरची हिरवी अक्षरं गायब झाली तर ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांनाही ती वाचताना त्रास होणार. स्क्रीनसाठी मापच ठरलंय, वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, निदान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तपासायची साधनं फुकट आहेत. फिकट राखाडीत बारीक अक्षरं हा सध्या फार पसरलेला आजार आहे, कृपा करून त्यात भर घालू नका.

सहावी पायरी: भिंत उभी करा

हीच ती, सुरुवातीला म्हटलेली.

एक, दर आठवड्याला एक काम पूर्ण करायचं, वार ठरवायचा, आणि त्या दिवशी जसं असेल तसं दाखवायचं. 'अजून थोडं सुधारतो' म्हणत दोन महिने एकच लोगो घासणारे मी खूप बघितलेत.

दोन, दाखवायचं कुणाला? घरच्यांना आणि मित्रांना दाखवलं की 'छान आहे' ऐकायला मिळतं, त्याचा उपयोग शून्य. त्यांना प्रश्न वेगळा विचारा. पोस्टर पाच सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: कशाचं होतं, कधी होतं, कुठे होतं? सांगता आलं नाही तर पोस्टर नापास, ते कितीही सुंदर असो. या चाचणीला समोरचा डिझायनर असायची गरजच नाही, आजोबा पण चालतात, उलट ते जास्त उपयोगी.

तीन, तुमच्यासारखेच शिकणारे तीन-चार जण गाठा आणि आठवड्याला एकदा एकमेकांचं काम बघा. नियम एकच, 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' हे शब्द बंद. माझी नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, कुठे अडखळली, एवढंच सांगायचं. आणि ज्याचं काम आहे त्याने मध्ये बोलायचं नाही, हे फार अवघड जातं, पण पोस्टर भिंतीवर लागल्यावर तुम्ही शेजारी उभं राहून समजावणार नसता ना.

चार, वर्षातून एक-दोनदा तरी मुरलेल्या डिझायनरकडून काम बघून घ्या. फुकट वेळ मागताना चाळीस कामं पाठवू नका, तीन पाठवा आणि एक नेमका प्रश्न विचारा. 'कसं वाटलं' ला उत्तर येत नाही, 'या पानावर दोन कॉलम ठेवायला हवे होते का' ला येतं.

सातवी पायरी: छपाईची तयारी

इथे माझा स्वतःचा अनुभव. पहिलं पैसे मिळवून देणारं काम होतं एक पत्रक, दोन हजार प्रती. स्क्रीनवर देखणं दिसत होतं. छापून आलं तर बारीक मजकुराच्या कडा धूसर, जणू अक्षरांना सावली पडलीये, आणि कडेने मी काढलेली नाजूक चौकट एका बाजूला जाड समास सोडून तर दुसऱ्या बाजूला कागदाच्या टोकावर. प्रेसची चूक वाटली होती. चूक माझी होती. मी काम स्क्रीनच्या रंगांत, म्हणजे आरजीबीत केलेलं, ते छपाईच्या चार शाईंत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) बदलताना माझा काळा रंग चारही शाया मिळून बनला, आणि चार शाया केसभर इकडेतिकडे झाल्या की आठ पॉइंटचं अक्षर धूसर होणारच. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के काळा आणि बाकी तीन शून्य, असा हवा होता. आणि कागद कापताना पातं मिलिमीटरभर सरकतंच, ते कडेजवळच्या चौकटीत लगेच दिसतं, म्हणून अशी चौकट काढूच नये किंवा भरपूर आत घ्यावी.

तेव्हापासून फाईल देण्याआधी मी हे बघतोच. रंग कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारा जास्तीचा रंग, त्यामुळे २१० बाय २९७ च्या ए४ ची फाईल २१६ बाय ३०३ ची होते. महत्त्वाचा मजकूर कापायच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत. फोटो छापायच्या मापात इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे पूर्ण ए४ ला २४८० बाय ३५०८. क्लायंट हमखास सोशल मीडियावरचा १०८० बाय १०८० चा फोटो पाठवतो, तो या हिशोबाने ३.६ इंच, जेमतेम ९ सेंटीमीटर नीट छापला जातो, हे त्यांना आधीच सांगा. लांबून बघायच्या मोठ्या फलकाला कमी चालतं. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत केलेत का बघा. आणि छापायच्या आधी प्रेसवाल्याला फोन करून त्यांना फाईल कशी हवी ते विचारा, मला अर्धी छपाई अशा फोनवरच शिकायला मिळालीये.

आठवी पायरी: पोर्टफोलिओ आणि पहिलं काम

पोर्टफोलिओत सहा ते आठ कामं पुरतात. सगळ्यात कमजोर काम काढून टाका, बघणारा त्यावरूनच अंदाज बांधतो. क्लायंट नसेल तर खोट्या कंपनीचा लोगो करण्यापेक्षा आसपासचं खरं वाईट काम शोधा: न वाचता येणारा फॉर्म, गोंधळात टाकणारं वेळापत्रक, औषधाच्या सूचनांचं पत्रक. ते नीट लावा आणि शेजारी लिहा की अडचण काय होती, काय बदललं, कुणाला दाखवून तपासलं. एखादा फॉर्म वाचण्यासारखा करून दाखवला तर मला त्या माणसाला काम द्यावंसं वाटतं, सोनेरी मॉकअपवर (वस्तूवर छापल्यासारखं दाखवणाऱ्या तयार चित्रावर) ठेवलेल्या सिंहाच्या लोगोने तसं होत नाही.

पहिल्या कामापासून लेखी ठरवा: काय देणार, किती दिवसांत, किती वेळा बदल करून देणार, आगाऊ रक्कम किती. ओळखीचा माणूस असेल तर जास्तच लेखी. फॉन्ट आणि फोटोंचे परवाने तपासा, फुकट डाउनलोड होतंय याचा अर्थ व्यवसायासाठी वापरता येतं असा होत नाही.

वेळ किती लागतो विचाराल तर रोज दोन तास देणाऱ्याला वर्षभरात छोटी कामं नीट करता यायला हवीत, हा माझा आणि बरोबरच्या काही जणांचा अनुभव आहे, कमीजास्त होणारच.

आणि डिग्री लागतेच अशी ठिकाणं आहेत हेही सांगायला हवं. कॉलेजात शिकवायचं असेल, सरकारी पदासाठी अर्ज करायचा असेल, परदेशात नोकरीच्या व्हिसावर जायचं असेल तर बऱ्याचदा कागद मागतात आणि तिथे पोर्टफोलिओ कितीही दमदार असला तरी अडतं. तुमचं लक्ष्य यातलं एखादं असेल तर आधी तिथल्या पात्रतेच्या अटी शब्द न् शब्द वाचा, आणि मगच कॉलेज करायचं की नाही ते ठरवा.